मिलानमधलं ते स्टूल, ज्यावर सगळे बसले आणि कोणीच पाहिलं नाही

2005 चा एप्रिल, मिलान शहर. तिथे दरवर्षी सालोने देल मोबिले भरतं, म्हणजे फर्निचरवाल्यांची पंढरीच म्हणा ना, 1961 पासून चालू आहे. हॉलमागून हॉल, स्टॉलमागून स्टॉल, आणि प्रत्येक कंपनीची एकच धडपड की समोरून जाणाऱ्याची नजर आपल्या मालावर थांबली पाहिजे. कुणी खुर्ची छताला टांगतं, कुणी सोफ्याला असा आकार देतं की बसायचं कुठून ते विचारावं लागतं, आणि हे सगळं दिवसभर चालत बघायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडतात.

तिथे माजिस नावाच्या इटालियन कंपनीच्या स्टॉलवर जपानी डिझायनर नाओतो फुकासावा यांची नवी स्टुलं ठेवली होती. कंपनी काही साधीसुधी नाही, एउजेनिओ पेरात्सा यांनी 1976 साली सुरू केलेली, मोठमोठे डिझायनर तिच्यासाठी काम करतात. स्टुलाचं नाव 'देजा-व्हू', म्हणजे हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय असं वाटणं. अॅल्युमिनियमचे चार पाय, वर बैठक, एवढंच. लहान मुलाला 'स्टूल काढ' म्हटलं तर ते जसं काढेल ना, तसं.

तर फुकासावा स्वतः बघायला गेले की लोकांना कसं वाटतंय, आणि बघतात तर लोकांना काहीच वाटत नव्हतं. माणसं येत होती, स्टुलावर टेकत होती, जरा दम खाऊन पुढच्या स्टॉलकडे जात होती. त्यांचा समज असा की कंपनीने पाहुण्यांना बसायला स्टुलं ठेवलीत. हा नवीन माल आहे, यामागे कुणाची तरी मेहनत आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

फुकासावांनी नंतर मोकळेपणाने सांगितलंय की त्यांना तेव्हा वाईट वाटलं. वाटणारच हो. तोपर्यंत त्यांचं नाव जगभर झालेलं, वय पन्नाशीकडे आलेलं, आणि मिलानमध्ये आपली वस्तू कुणाला दिसूसुद्धा नये? पण त्यांचे मित्र, इंग्लंडचे डिझायनर जॅस्पर मॉरिसन, त्यांना यात वाईट वाटण्यासारखं काहीच दिसेना. उलट ते म्हणाले की हेच तर पाहिजे, हे 'सुपर नॉर्मल' आहे. दोघांच्या बोलण्यातून तो शब्द पक्का झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचं एक अख्खं प्रदर्शन उभं राहिलं.

मी पुण्यात फर्निचर डिझाइन शिकवते आणि दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सगळ्यात आधी हेच प्रकरण देते. कारण आमच्याकडे येणारं प्रत्येक मूल एकच इच्छा घेऊन येतं, की मी केलेली वस्तू लोकांनी वळून बघावी. आणि माझं मत असं झालंय की फुकासावांच्या त्या स्टुलावर बसून पुढे गेलेली माणसं ही त्या स्टुलाला मिळालेली सगळ्यात मोठी दाद होती. ते का, हे समजायला मात्र बरंच मागे जावं लागतं, कारण ते स्टूल एका दिवसात साधं झालेलं नाही.

हा माणूस तिथपर्यंत आला कसा

फुकासावांचा जन्म 1956 चा, यामानाशी प्रांतातल्या कोफू गावचा. 1980 मध्ये टोकियोच्या तामा आर्ट युनिव्हर्सिटीतून प्रॉडक्ट डिझाइन करून बाहेर पडले, मग सेइको एप्सनमध्ये नोकरी, छोटी छोटी इलेक्ट्रॉनिक्स. 1989 मध्ये अमेरिकेला गेले, सॅन फ्रान्सिस्कोच्या आयडी टू नावाच्या डिझाइन ऑफिसात, जे पुढे दोन वर्षांनी आयडिओ झालं. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीत सगळं घडत होतं तेव्हा ते तिथेच होते. 1996 मध्ये जपानला परतले, आयडिओचं टोकियो ऑफिस सांभाळलं आणि 2003 मध्ये स्वतःचं ऑफिस काढलं. हे सगळं बायोडेटातलं झालं, याच्यातून त्यांचा विचार कळत नाही.

विचार कळतो तो 1999 पासून त्यांनी घ्यायला सुरुवात केलेल्या वर्कशॉपमधून. कंपन्यांमधल्या नोकरदार डिझायनर लोकांना एकत्र बसवायचं, एक विषय द्यायचा आणि वस्तू करून आणायला सांगायची. वर्कशॉपचं नाव 'विदाउट थॉट', आपल्या भाषेत म्हणायचं तर 'विचार न करता'. पण विचार न करता डिझाइन करा असं नाही हां, इथे बरेच जण फसतात. वापरणारा माणूस विचार न करता जे करतो ते नीट बघा, असा त्याचा अर्थ.

त्यांचं छत्रीचं उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते. समजा दारापाशी छत्री ठेवायची सोय करायचीय. बहुतेक डिझायनर लगेच एक दंडगोल काढतील, उभं भांडं, त्यात छत्र्या. फुकासावा म्हणतात, छत्री ठेवायला जागा नसली की माणूस काय करतो ते बघा ना. तो छत्री भिंतीला टेकवतो आणि तिचं टोक घसरू नये म्हणून फरशीच्या सांध्यात अडकवतो. कुणी शिकवलेलं नसतं, त्याला स्वतःलाही आपण असं केलं हे आठवणार नाही. मग भिंतीपासून थोड्या अंतरावर जमिनीत एक बारीक खाच पाडली की झालं, छत्रीचं स्टँड तयार. आलेला माणूस स्टँड शोधेल, ते दिसणार नाही, आणि मग त्याची छत्री आपसूक त्या खाचेत जाऊन उभी राहील.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या बिल्डिंगमध्ये खरंच जाऊन बघितलं, जुलै महिना होता. आठ दारं, त्यातल्या पाच दारांबाहेर छत्र्या होत्या आणि त्यातल्या तीन अगदी तशाच, टाइलच्या सांध्यात टोक आणि मूठ भिंतीला. एक ग्रिलला लटकवलेली, एक उघडून वाळत ठेवलेली. मी इतकी वर्षं त्याच जिन्यावरून जात-येत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

सीडी प्लेयर आणि दोरी

वर्कशॉपच्या त्याच पहिल्या काळातली त्यांची वस्तू म्हणजे भिंतीवर लावायचा सीडी प्लेयर, जो पुढे मुजीने बाजारात आणला आणि जो आता न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमच्या संग्रहात आहे. मुजी म्हणजे जपानची ती कंपनी, 1980 मध्ये सुरू झालेली, 'मुजिरुशी र्योहिन' म्हणजे ब्रँडची खूण नसलेला चांगला माल. मुंबईतही 2016 मध्ये त्यांचं दुकान आलं होतं, त्यामुळे काही जणांना माहीत असेल.

आता ही वस्तू नीट डोळ्यांसमोर आणा. पांढरा चौकोनी डबा, भिंतीला लावलेला. मध्ये सीडी बसते, तिच्यावर झाकण नाही, उघडीच. खाली एक दोरी लोंबते. ऑन-ऑफचं बटण नाही. दोरी ओढायची, सीडी फिरायला लागते, आधी हळू, मग वेगात, आणि गाणं सुरू होतं. परत ओढली की बंद.

जपानी माणसाला हे बघून पटकन आठवतो तो स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन, कारण तिकडे तसे दोरी ओढून चालू करायचे फॅन घरोघरी असायचे. म्हणजे शरीराला ती दोरी माहीत आहे. हात वर जातो, ओढतो, पातं फिरायला लागतं, आणि आता वारा येणार म्हणून चेहऱ्याची कातडी तयार होते. फुकासावा यावरच बोट ठेवतात. ते म्हणतात की वाऱ्याची वाट बघणाऱ्या त्या शरीराकडे वाऱ्याऐवजी संगीत येतं, आणि शरीर आधीच जागं झालेलं असल्यामुळे ते जास्त बारकाईने ऐकू येतं.

मला या वस्तूत सगळ्यात काय आवडतं तर मॅन्युअल लागत नाही ते नव्हे, ते तर खूप वस्तूंना लागत नाही. आवडतं ते हे की हिची अर्धी रचना वापरणाऱ्याच्या अंगात आधीच होती, डिझायनरने फक्त उरलेली अर्धी केली. आठवण, सवय, हाताची ओळखीची हालचाल, हे सगळं त्याने कच्चा माल म्हणून वापरलं, लाकूड किंवा प्लास्टिक वापरावं तसं.

हे आलं कुठून

प्रभाव म्हटलं की मुलं लगेच लिहितात 'जपानी मिनिमलिझम, झेन' आणि मोकळी होतात. मी त्याला मार्क देत नाही. पांढरी, गोल कोपऱ्यांची, रिकामी वस्तू दिसली की झेन म्हणायचं हा आळस आहे. फुकासावांच्या बाबतीत प्रभाव शोधायला इतकं लांब जायची गरजच नाही, त्यांनी स्वतःच ते सांगितलेत.

एक आहेत जेम्स गिब्सन, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, 1979 मध्ये वारले. त्यांनी 'अफॉर्डन्स' ही कल्पना मांडली. साध्या शब्दांत सांगायचं तर भोवतालची प्रत्येक गोष्ट प्राण्याला काहीतरी करायची सोय देत असते, गुडघ्याएवढा उंच सपाट दगड माणसाला बसायची सोय देतो, मग त्याला खुर्ची म्हणा न म्हणा. आपण 'ही बसायची जागा आहे का' असा विचार करत नाही, बसतो. आमच्या क्षेत्रात हा शब्द नंतर फार सैलपणे वापरला जायला लागला, म्हणजे बटण दाबावंसं वाटलं पाहिजे इतकाच त्याचा अर्थ उरला. फुकासावा मात्र मूळ अर्थाला धरून आहेत. वस्तूने ओरडून 'मला दाबा' सांगायचं नाही, माणूस आणि परिसर यांच्यात जे आधीच चालू आहे त्यात वस्तूने जाऊन बसायचं. जपानमध्ये त्यांनी मासातो सासाकी या मानसशास्त्राच्या अभ्यासकांबरोबर यावर कामही केलं.

हे वाचताना मला आपला कट्टा आठवतो. कंपाउंडची भिंत बसण्यासाठी कुणी बांधत नाही, पण ती मांडीच्या उंचीला आली की संध्याकाळी तिच्यावर चार जण असतातच, आणि सोसायटीने बसू नका म्हणून वर काचा लावल्या तर ते शेजारच्या स्कूटरवर आडवे बसतात.

दुसरा प्रभाव मला जास्त जवळचा वाटतो, तो हायकूचा. ताकाहामा क्योशी नावाचे हायकू कवी होते, 1874 चे, मासाओका शिकी यांचे शिष्य. त्यांचा आग्रह होता 'क्याक्कान शासेइ'चा, म्हणजे जे दिसतं ते आहे तसं टिपायचं, त्यात आपल्या भावना ओतायच्या नाहीत. मी किती दुःखी आहे हे कवीने सांगायचं नाही, त्याने फक्त समोरचं पान दाखवायचं, वाचणाऱ्याला जे वाटायचं ते वाटेल. फुकासावा सांगतात की क्योशींचं हायकूबद्दलचं लिखाण वाचल्यावर त्यांना धक्का बसला, कारण तोवर त्यांचा समज असा होता की डिझाइनमधून आपण स्वतःला व्यक्त करायचं असतं. तिथून त्यांनी स्वतःला बाजूला करायला सुरुवात केली.

आपल्याकडे शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्यामुळे ज्यांनी त्यांच्या हायकू वाचल्यात त्यांना हे समजावून सांगायला लागत नाही. तीन ओळी, एक दृश्य, आणि कवी कुठेच दिसत नाही, तरी दिवसभर ते डोक्यात राहतं. आता त्या जागी स्टूल ठेवून बघा.

तिसरा धागा मिंगेइचा, म्हणजे लोककलेचा, खरं तर लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचा. यानागी सोएत्सु या जपानी विचारवंतांनी आणि त्यांच्या मित्रांनी 1925 मध्ये हा शब्द घडवला आणि 1936 मध्ये टोकियोच्या कोमाबा भागात त्याचं म्युझियम उघडलं. अनामिक कारागिरांनी केलेले वाडगे, टोपल्या, कापड, किटल्या. यानागींचं म्हणणं होतं की सही नसलेल्या, रोज वापरल्या जाणाऱ्या, शेकड्याने केल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये जे सौंदर्य येतं ते एकट्या कलाकाराने अट्टाहासाने आणता येत नाही. त्यांचे चिरंजीव यानागी सोरी हे बटरफ्लाय स्टुलवाले मोठे डिझायनर, तेही या म्युझियमचे संचालक होते. आणि 2012 पासून तिथले संचालक आहेत नाओतो फुकासावा. इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन करणारा माणूस लोककलेच्या म्युझियमचा प्रमुख कसा, असं कुणाला वाटेल, पण मिलानचं स्टूल ध्यानात ठेवलं तर त्यात काहीच आश्चर्य नाही.

मिंगेइ समजावताना मी वर्गात आमच्या घरचा पाट नेते. शिसवी, कडेला पितळेची फुलं, माझ्या आजीच्या लग्नातला. मुलांना सांगते की उलटा करा. खाली दोन आडव्या पट्ट्या आहेत. त्या कशाला, तर मुलं म्हणतात उंची द्यायला, मजबुतीसाठी, फळी वाकू नये म्हणून. सगळं बरोबर. मग मी पाट जमिनीवर ठेवते आणि उचलायला सांगते. बोटं आपोआप कडेखाली जातात, तिथे पट्ट्यांमुळे बोटभर फट आहे, ओल्या हातानेसुद्धा पाट पटकन उचलता येतो, पंगत उठली की एका हातात दोन-दोन पाट घेऊन जाणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. हा पाट कोणत्या सुताराने केला हे घरात कुणालाच सांगता येत नाही, तशी कुणी चौकशीही कधी केली नाही.

परत मिलानला

आता ते स्टूल बघा. 2005 पर्यंत या माणसाने काय काय केलेलं होतं? सीडी प्लेयर झाला होता. 2003 मध्ये केडीडीआय या जपानी फोन कंपनीसाठी इन्फोबार हा मोबाइल केला होता, टाइल्ससारखी मोठी चौकोनी रंगीत बटणं असलेला, तोही मोमात आहे. 'प्लस मायनस झीरो' या ब्रँडसाठी डोनटसारखा गोल ह्युमिडिफायर, म्हणजे खोलीतल्या हवेत ओलावा सोडणारं यंत्र, केला होता. 2004 मध्ये जपानी डिझायनर केन्या हारा यांनी भरवलेल्या 'हॅप्टिक', म्हणजे स्पर्शाबद्दलच्या, प्रदर्शनात ज्यूसचे खोके केले होते, केळ्याच्या ज्यूसचा खोका केळ्याच्या सालीसारखा दिसणारा, स्ट्रॉबेरीचा तसाच बियांच्या खडबडीसकट. त्या खोक्यांचे फोटो जगभर फिरले. म्हणजे लोकांना 'अरे वा' म्हणायला लावणं या माणसाला छान जमत होतं.

म्हणूनच स्टुलाची गोष्ट वेगळी आहे. ज्यूसच्या खोक्यात एक युक्ती आहे, ती बघणाऱ्याला सापडते आणि तो खूश होतो. सीडी प्लेयरमध्येही थोडी आहे. स्टुलात युक्तीच नाही. डिझायनरने आपल्याकडचं शेवटचं आकर्षणही काढून घेतलं, आणि मग मिलानच्या त्या गोंगाटात उरलं काय, तर बसायची सोय. गिब्सनचा गुडघ्याएवढा दगड. दमलेल्या माणसांनी तो बरोबर ओळखला. आणि स्वतः इतकी वर्षं हेच सगळं शिकवणाऱ्या डिझायनरला ते घडताना बघून वाईट वाटलं, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात खरं वाटतं. विचार पटणं वेगळं आणि आपल्या वस्तूकडे कुणी बघत नाही ते उभं राहून सोसणं वेगळं.

मॉरिसन यांना ते पटकन कळलं, कारण ते स्वतः त्याच वाटेवर होते. त्यांचा जन्म 1959 चा, लंडनचा. माजिससाठीच त्यांनी केलेली एअर-चेअर ही प्लास्टिकची एकसंध खुर्ची तुम्ही कॅफेत कुठेतरी नक्की पाहिली असेल. त्यांनी लिहिलेला एक अनुभव आहे, जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी हाताने फुंकलेले जाड वाइनचे ग्लास घेतले. आधी नुसता आकार आवडला म्हणून. पण रोज वापरता वापरता असं झालं की एखाद्या दिवशी दुसरे ग्लास मांडले तर टेबलावरचं वातावरणच काहीतरी हरवल्यासारखं वाटायला लागलं. त्या ग्लासांनी लक्ष कधीच वेधलं नव्हतं, पण नसले की कळायचं. 'सुपर' हा शब्द नॉर्मलला का लावायचा, ते इथे आहे. नुसतं नॉर्मल म्हणजे काहीही चालेल. सुपर नॉर्मल म्हणजे इतकं मुरलेलं की काढलं तर घर अडखळतं.

2006 च्या जूनमध्ये टोकियोच्या अॅक्सिस गॅलरीत दोघांनी 'सुपर नॉर्मल' प्रदर्शन भरवलं, दोनशेच्या आसपास वस्तू. त्यात नावाजलेल्या डिझायनरांच्या होत्या, जसं डीटर राम्स यांचं 1960 चं 606 शेल्फ, आणि कुणी केल्या तेच माहीत नाही अशाही कितीतरी, सगळ्या एकाच पंगतीला. नंतर ते प्रदर्शन लंडनला आणि मिलानलाही गेलं. म्हणजे ज्या गावात स्टूल दिसलं नव्हतं त्याच गावात न दिसण्याचं प्रदर्शन लागलं.

मला खटकतं ते

हे सगळं मनापासून पटूनही एक गोष्ट मला बोचते आणि मुलांनाही बोचली पाहिजे असं वाटतं. माजिसच्या एका स्टुलाच्या पैशात आपल्याकडे प्लास्टिकच्या स्टुलांची अख्खी थप्पी येईल. मग साधं खरं कुठलं? आपल्या खाणावळीतलं, टपरीवरचं, दवाखान्यातलं लाल-निळं प्लास्टिकचं स्टूल, एकात एक रचता येणारं, पाण्याने धुता येणारं, मोडलं तर फार वाईट न वाटणारं, तेसुद्धा कुणाच्या लक्षात न येता लाखो लोकांना बसवतंय.

यावर माझ्यापुरतं उत्तर असं आहे, पूर्ण समाधान करणारं नाही, तरी. ते प्लास्टिकचं स्टूल मी उचलून बघते तेव्हा त्यात खूप हुशारी दिसते, पण दोन उन्हाळ्यांत ते उन्हाने ठिसूळ होतं आणि जाड माणूस बसला की पाय फाकतात. बसणारा मग बसत असताना सावध असतो, हळूच वजन टाकतो, एक हात मागे ठेवतो. म्हणजे शरीर विसरत नाही. विसरून बसता येणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती किमतीत परवडायला हवी, इथे फुकासावांचं काम अपुरं पडतं आणि आमच्यासारख्यांचं सुरू व्हायला हवं. मुजीसाठी त्यांनी काम केलं, 2002 पासून ते तिथल्या सल्लागार मंडळावर आहेत, तो त्यांच्या बाजूने प्रयत्न होता हे मान्य. पण मुंबईतल्या मुजीत ज्या किमती मी पाहिल्या त्या नॉर्मल नव्हत्या.

नंतरची खुर्ची

स्टुलानंतर तीन वर्षांनी, 2008 मध्ये, त्यांनी हिरोशिमाच्या मारुनी कंपनीसाठी एक लाकडी खुर्ची केली, तिचं नावच 'हिरोशिमा'. मारुनी 1928 पासून लाकूड वाकवणारी कंपनी, एके काळी युरोपियन थाटाचं कोरीव फर्निचर जोरात खपवलेली, पुढे मात्र स्वस्त मालाच्या स्पर्धेत ओढग्रस्तीला आलेली. या खुर्चीत पाठ आणि हात एका वळणात वाहतात, आधी मशीनवर लाकूड कोरून घेतात आणि मग कारागीर हाताने घासून ते वळण पूर्ण करतात, हात फिरवला तर पाठ कुठे संपली आणि हात कुठे सुरू झाला ते बोटाला लागत नाही. अॅपलने आपल्या नव्या मुख्यालयासाठी या खुर्च्या हजारोंनी घेतल्या. 2023 च्या मे महिन्यात हिरोशिमात जी-7 ची शिखर परिषद झाली तेव्हा नेते याच खुर्च्यांवर बसले होते. आमच्या वर्गात त्या बैठकीचा फोटो लावून विचारलं की काय दिसतंय, तर मुलांनी नेत्यांची नावं सांगितली, टेबलाचा गोल आकार सांगितला, एकाने झेंडे मोजले.

मिलानच्या स्टुलात आणि या खुर्चीत मला एक फरक दिसतो. स्टुलात त्यांनी सगळं काढून घेतलं होतं. खुर्चीत त्यांनी परत काहीतरी दिलंय, पण डोळ्याला न देता हाताला आणि पाठीला दिलंय. बसेपर्यंत कळत नाही. 2005 चा तो धक्का पचवल्यावरच माणूस असं करू शकतो असं मला वाटतं, हा माझा अंदाज आहे, त्यांनी तसं कुठे म्हटलेलं नाही.

आमच्या वर्गात

या प्रकरणामुळे मी मार्क द्यायची पद्धत बदलली. पूर्वी सेमिस्टरच्या शेवटी टेबलावर वस्तू मांडायच्या, बाहेरचे परीक्षक यायचे, फिरायचे, पाच मिनिटं बघून आकडे टाकायचे. म्हणजे मिलानच, छोटं. आता मी म्हणते वस्तू घरी न्या, जिथली तिथे ठेवा, कुणाला काही सांगू नका, कुणाचं मत विचारू नका. तीन आठवड्यांनी काहीही न बोलता परत कॉलेजला घेऊन या. मग घरून काय येतं ते मला सांगा.

पहिल्या वर्षी बऱ्याच मुलांच्या घरून काहीच आलं नाही. एक दिवा परत नेल्यावर आई म्हणाली 'बरं झालं, पुसायला कटकट होती', ती प्रामाणिक नोंद मुलाने जशीच्या तशी लिहिली आणि मी त्याला त्याचे चांगले मार्क दिले. तळेगावची एक मुलगी होती, तिने दारापाशी ठेवायला एक बुटकं बाकडं केलं होतं, सागाच्या उरलेल्या पट्ट्यांचं, वर्गात सगळ्यांना ते अगदीच मामुली वाटलं होतं, आणि मलाही, खोटं कशाला बोलू. तिने ते सकाळी लवकर टेम्पोत टाकून आणलं. साडेआठला आमचं लेक्चर चालू असताना तिचा फोन वाजला, आजोबांचा होता म्हणून मी घे म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्याने बोलत होते की पहिल्या दोन बाकांपर्यंत ऐकू आलं.

"अगं ते बाकडं कुठं गेलं? मी कधीचा हातात बूट घेऊन उभा आहे."